शक्ती मागच्या जन्माची, मग माणूस कधी घडायचा?

मुलांच्या मालिका हा काय लेख लिहिण्याचा विषय झाला, असे कोणी विचारील. रोजगाराचे प्रश्न आहेत, शिक्षणाचे प्रश्न आहेत, आणि हे महाशय सुपरहिरोवर लिहीत बसले! प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या घरात काय चालते ते एकदा पाहा. आई विड्या वळते आहे, बाप यंत्रमागावर पाळी करतो आहे आणि मूल पडद्यासमोर बसले आहे. मूल गप्प आहे, त्रास देत नाही, एवढ्यावर आपले समाधान होते. पण त्या अर्ध्या तासात त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होत असते. मोठा माणूस मोठा कसा होतो, ही ती गोष्ट. शाळेच्या वेळापत्रकात तिचा तास नाही, घरात बोलायला कोणाला सवड नाही. म्हणून मूल ती पडद्यावरून शिकते.

या मालिकांत अधूनमधून एक खास भाग येतो. चालू लढाई थांबते, पडद्यावरचा रंग बदलतो आणि मागची गोष्ट सुरू होते. हा वीर कोण होता, त्याला शक्ती कोठून मिळाली, त्याचे आईबाप कोण, त्याचा वैरी वैरी का झाला. याला कोणी फ्लॅशबॅक म्हणतात, आपण पूर्वकथा म्हणू. मालिका करणारे सांगतात की, पूर्वकथेमुळे पात्राला खोली येते, व्यक्तिरेखा विकसित होते. हे खरे आहे का? की पूर्वकथेच्या नावाखाली पात्राला फक्त एक जन्मदाखला चिकटवला जातो?

जन्मदाखल्यावरून माणूस ओळखण्याची रीत या देशात जुनी आहे. तिचे चटके ज्यांनी सोसले त्यांनी हा प्रश्न विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

रविवारचा शक्तिमान

आपल्याकडचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण घेऊ. दूरदर्शनवर १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना नायक होते, त्यांच्याच भीष्म इंटरनॅशनल या संस्थेची निर्मिती होती, दिग्दर्शन दिनकर जानी यांचे होते. बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेत खन्ना यांनी भीष्म साकारला होता, त्यावरून संस्थेचे नाव. मालिका दूरदर्शनवर असल्यामुळे केबलचे पैसे भरण्याची गरज नव्हती. म्हणून ती सोलापूरच्या मिलिंद नगरात पाहिली गेली, बुधवार पेठेत पाहिली गेली, सेटलमेंटमध्ये पाहिली गेली आणि विणकरांच्या पूर्व भागातही पाहिली गेली. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी गल्लीतली सगळी पोरे! मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले एकाच हिंदी वीराचे नाव घेऊन गिरक्या मारत होती. एखाद्या शहराची सगळी मुले एका गोष्टीभोवती जमावीत, असे पुन्हा क्वचितच घडले असेल.

त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली ती मुले आज पस्तिशीच्या घरात आहेत. त्यांची स्वतःची मुले आता मोबाइलवर मालिका पाहतात. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली, तेव्हा बाप आणि मुलगा दोघांनी मिळून ती पाहिली. म्हणजे प्रश्न जुना झालेला नाही. तो फक्त एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आला आहे.

आता शक्तिमानची पूर्वकथा पाहू. सूर्यांशी नावाचा योग्यांचा एक प्राचीन पंथ आहे. हजारो वर्षांपूर्वी त्यात श्रीसत्य नावाचा पुरुष होऊन गेला. आजचा शक्तिमान हा त्याचाच पुनर्जन्म. गुरूंनी त्याला ओळखले, निवडले, त्याच्याकडून योगसाधना करून घेतली, कुंडलिनी जागृत झाली, पंचतत्त्वांची शक्ती त्याच्यात आली. शहरात तो वेश पालटून ‘आज की आवाज’ या वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून काम करतो. पुढे आलेले दात, जाड चष्मा, गबाळा अवतार. नाव मात्र पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री!

नावाचा मुद्दा विनोदात गेला. आम्हीही हसलो. पण थोडे थांबून पाहा. ज्याला हसायचे, ज्याला सामान्य समजायचे, तो गबाळा माणूससुद्धा पंडित आणि शास्त्री. यात कोणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. कट असता तर तो पकडता आला असता. ही सवय आहे आणि सवय पकडणे कठीण असते. नायकाचे नाव ठरवताना लिहिणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा कोणते आडनाव येते, त्यात त्याचे सारे जग दिसते.

शक्ती कोठून आली आणि माणूस कसा घडला

मुख्य मुद्दा नावाचा नाही, पूर्वजन्माचा आहे. पूर्वकथा दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकते. पहिला प्रश्न, शक्ती कोठून आली? दुसरा, ही शक्ती हाती आल्यावर हा माणूस असाच का वागतो? पहिले उत्तर ही माहिती झाली. दुसरे उत्तर म्हणजे व्यक्तिरेखा. मुलांच्या बहुतेक मालिका पहिले उत्तर देतात आणि दुसरे दिल्याचा आव आणतात.

शक्तिमानच्या पूर्वकथेत साधना आहे, कष्ट आहेत, हे मान्य केले पाहिजे. शक्ती आयती मिळाली असे मालिका म्हणत नाही. पण साधनेच्या आधी निवड आहे आणि निवडीच्या आधी मागचा जन्म आहे. तो चांगला का? कारण तो तेव्हाही चांगला होता. तेव्हा चांगला का होता? याला उत्तर नाही. प्रश्न एक जन्म मागे ढकलला, एवढेच झाले. अशा पूर्वकथेचे कितीही भाग दाखवा, पात्र एक पाऊलही पुढे सरकत नाही. उलट ते बंद होते. जे ठरायचे ते जन्माआधीच ठरले असेल, तर या जन्मात घडायला उरले काय?

आपल्याकडे ही रीत मालिकांनी शोधलेली नाही. महाभारतातला कर्ण आठवा. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला, स्वतःच्या हिमतीवर धनुर्धर झालेला माणूस. ऐकणाऱ्याचे मन त्याच्या बाजूने होते. आणि मग कळते की तो जन्माने क्षत्रियच आहे, कुंतीचा मुलगा आहे. सूताच्या घरचा मुलगा एवढा पराक्रमी कसा, हा अडचणीचा प्रश्न जन्माच्या गुपिताने मिटवून टाकला. कर्णाचे दुःख त्यामुळे वाढले असेल, पण सूताच्या घरात बसून ऐकणाऱ्या पोराच्या हातातून कर्ण गेला. हा आपला नव्हता, असे त्याला सांगितले गेले. गुप्त थोर जन्म हा सुपरहिरोच्या पूर्वकथेचा सर्वांत जुना साचा आहे, आणि त्याचा फटका नेहमी त्या मुलाला बसतो, ज्याच्या घरात असले कोणतेही गुपित नाही.

बाहेरच्या जगात काय झाले

अमेरिकेत हे सुपरहिरो प्रकरण सुरू झाले ते १९३८ मध्ये. त्या वर्षी ‘सुपरमॅन’ छापून आला. नष्ट होणाऱ्या ग्रहावरून तान्ह्या बाळाला यानात घालून पृथ्वीवर पाठवले, ही त्याची पूर्वकथा एका पानात आटोपली. त्यात बाळाने स्वतः काहीच केलेले नाही. ते फक्त वाचले.

पुढच्या वर्षी, मे १९३९ मध्ये, ‘बॅटमॅन’ आला. गंमत अशी की, तो आला तेव्हा त्याला पूर्वकथाच नव्हती. ती आली नोव्हेंबरच्या अंकात, अवघ्या दोन पानांची. लहान मुलाच्या डोळ्यांदेखत आईबापाचा खून होतो आणि तो मुलगा गुन्हेगारीविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. म्हणजे सहा महिने वाचकांनी त्याला पूर्वकथेशिवाय स्वीकारले होते. पात्र त्याच्या वागण्यातून उभे राहते, कारण नंतर सांगितले तरी चालते, हे यातून सिद्ध होते. पण त्या दोन पानांत एक गोष्ट होती जी सुपरमॅनच्या एका पानात नव्हती. मुलाने काहीतरी ठरवले होते.

आणि १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा ‘स्पायडरमॅन’ आला. कोळी चावला आणि शक्ती आली, हा भाग शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खरी पूर्वकथा त्यानंतरची आहे. शक्ती मिळालेला तो पोरगा आधी पैसे कमवायला जातो. समोरून चोर पळतो, याला अडवता आले असते, पण माझे काय जाते म्हणून तो सोडून देतो. पुढे त्याच चोराच्या हातून त्याच्या चुलत्याचा जीव जातो. ही चूक कोळ्याची नाही, पूर्वजन्माची नाही, ग्रहाची नाही. ती त्याची स्वतःची आहे. म्हणून त्यानंतर तो जे जे करतो त्याला अर्थ येतो. ही पूर्वकथा काढून टाका, स्पायडरमॅन भिंतीवर चढणारा कसरतपटू उरेल.

या तीन उदाहरणांवरून पूर्वकथा तपासण्याची एक साधी फूटपट्टी तयार होते. पहिले, पूर्वकथेत पात्राने स्वतः काय ठरवले, की त्याच्या बाबतीत सारे फक्त घडत गेले? दुसरे, पूर्वकथा सांगून झाल्यावर पुढच्या प्रसंगात कोणी वेगळे वागते का? तिसरे, पूर्वकथा वगळली तर पात्रातून काय वजा होते? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर तो भाग केवळ वेळ भरण्यासाठी होता असे समजावे.

दोन भाग, जे उत्तीर्ण होतात

पूर्वकथा नेहमीच फोल असते असे नाही. १९९२ च्या ‘बॅटमॅन’ कार्टून मालिकेत मिस्टर फ्रीझ या खलनायकावर एक भाग आला, पॉल डिनी यांनी लिहिलेला. त्याआधी कॉमिकमध्ये फ्रीझ म्हणजे बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक विदूषक होता. या भागात कळते की तो शास्त्रज्ञ होता, बायकोला असाध्य आजार होता, उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवण्यासाठी तो झटत होता. कंपनीच्या मालकाने खर्च वाचवण्यासाठी प्रयोग बळाने बंद पाडला आणि त्या झटापटीत हा माणूस असा झाला. इथपर्यंत ही दुःखाची हकीकत झाली. खरी गंमत पुढे आहे. हे कळल्यावर बॅटमॅनचे वागणे बदलते. तो फ्रीझला पकडतो, कारण सूड म्हणून निरपराधांना मारणे चूकच आहे. पण त्या प्रतिष्ठित मालकाचेही बिंग फोडतो. मूल प्रथमच पाहते की, गुन्हेगार एकटा तयार होत नाही, त्याला तयार करणारे हात स्वच्छ कपड्यांत असतात. या भागाच्या लेखनाला अमेरिकेत दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे कॉमिकनेही हीच पूर्वकथा स्वीकारली.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. १९९३ मध्ये काही कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी ‘माइलस्टोन’ नावाची स्वतःची कॉमिक संस्था काढली. ड्वेन मॅकडफी हे त्यांपैकी एक. सुपरहिरो म्हणजे गोरा, आणि काळा म्हणजे त्याचा साथीदार किंवा गुंड, हा साचा त्यांना मोडायचा होता. त्यातून ‘स्टॅटिक’ आला आणि २००० ते २००४ या काळात ‘स्टॅटिक शॉक’ ही कार्टून मालिका चालली. नायक व्हर्जिल हॉकिन्स हा शाळकरी कृष्णवर्णीय मुलगा. त्याची आई रुग्णवाहिकेवर जखमींवर उपचार करणारी कर्मचारी होती, आणि शहरातील दंगलीत काम करतानाच ती मारली गेली होती. एका भागात व्हर्जिलला काळात मागे जाता येते, आई भेटते. शक्ती आहे, वेळ हाती आहे, तरी आई काही परत येत नाही. मात्र ती त्या रात्री कामावर का गेली होती, हे त्याला समजते. पूर्वकथेने त्याला नवी शक्ती दिली नाही. त्याच्याजवळ असलेल्या शक्तीचा उपयोग काय, हे सांगितले.

याच मालिकेतला आणखी एक भाग तर पूर्वकथेचा नाहीच. व्हर्जिलचा जिवलग मित्र रिची गोरा आहे. तो त्याला कधी घरी बोलावत नाही. अखेर व्हर्जिल मुक्कामाला जातो, तेव्हा कळते की रिचीचा बाप वर्णद्वेष्टा आहे. रिचीला बापाची लाज वाटते, तो घर सोडून जातो, आणि मग दोघांचे बाप मिळून पोराला शोधायला निघतात. एकाच गाडीत बसलेले ते दोन बाप पाहून मूल जे शिकते, ते दहा पूर्वजन्म दाखवून शिकवता येणार नाही. मित्राच्या घरी पाणी मिळेल का, जेवायला ताट कोणते मिळेल, हा अनुभव आपल्या मुलांना परका आहे काय? मग आपल्या मालिकांत तो भाग कधी आला? आमच्या पाहण्यात तरी आला नाही.

सोलापूरला पूर्वकथेचा अर्थ कळतो

या शहराला तर पूर्वकथेचे राजकारण समजावून सांगण्याची गरज नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कोण गुन्हेगार, हे त्याने काय केले यावरून नव्हे, तर तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून ठरू लागले. सोलापूरला तारेच्या कुंपणाचे सेटलमेंट उभे राहिले. कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची माणसे त्यात ठेवली गेली. हजेरी द्यायची, बाहेर पडायचे तर परवानगी घ्यायची आणि शहरातल्या गिरण्यांत राबायचे. आत जन्मलेल्या बाळाने कोणती चोरी केली होती? काही नाही. पण त्याची पूर्वकथा सरकारने आधीच लिहून ठेवली होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला. कुंपण गेले, वस्तीचे नाव राहिले, आणि नावाबरोबर लोकांच्या नजरेतली पूर्वकथाही राहिली. तुरुंगांच्या नियमांत तर ती किती खोल मुरली होती पाहा. जातीवरून कैद्यांना कामे वाटणारे आणि विमुक्त जमातींना जन्माने सराईत समजणारे नियम रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल यावा लागला. म्हणून आम्ही म्हणतो, जन्मावरून माणसाचा स्वभाव सांगणारी गोष्ट निरुपद्रवी नसते. एका टोकाला जन्मतः वीर असेल, तर दुसऱ्या टोकाला जन्मतः गुन्हेगार उभा राहतोच. नाणे एकच आहे.

सोलापूर जिल्ह्यातूनच एक वेगळी पूर्वकथाही आली आहे. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही जन्माचे गुपित आहे. बाप पाटील आहे. कर्णाच्या गोष्टीतल्यासारखे सारे साहित्य तयार आहे. पण हा लेखक पाटलाच्या रक्ताचा टेंभा मिरवत नाही. शाळेत बापाचे नाव काय लावायचे, आपण कोणाचे, आपले गाव कोणते, असे प्रश्न तो मांडत जातो. इथे जन्म हे उत्तर नाही, जन्म हा प्रश्न आहे. आणि प्रश्न विचारता विचारता माणूस घडताना दिसतो. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी पूर्वकथा कशी सांगावी याचा धडा घ्यायला हॉलिवूडला जाण्याची गरज नाही, हन्नूरपर्यंत गेले तरी पुरे.

आणि सर्वांत मोठे उदाहरण बाबासाहेबांचे आहे. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याची परंपरेने सांगितलेली पूर्वकथा सर्वांना ठाऊक आहे. म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसले आणि वैराग्य आले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा तर्काला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा, आजारी आणि प्रेत कधी दिसलेच नव्हते, हे कसे मानायचे? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य आणि कोलीय यांचा तंटा पुढे आणला. संघात युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ विरोध करतो. बहुमत विरुद्ध जाते. सैन्यात जा, नाहीतर शिक्षा भोग किंवा घरच्यांवर बहिष्कार आणि जप्ती ओढवून घे, असा पेच उभा राहतो. तेव्हा सिद्धार्थ विचार करून देश सोडण्याचा मार्ग निवडतो.

श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवून केवळ कथा म्हणून याकडे पाहा. पहिल्या कथेत सिद्धार्थाच्या बाबतीत काहीतरी घडते. दुसऱ्या कथेत तो काहीतरी ठरवतो. पहिल्यात तो हळवा राजपुत्र आहे, दुसऱ्यात बहुमतापुढे एकटा उभा राहणारा माणूस आहे. पुढे आयुष्यभर त्याने जे केले, त्याची मुळे दुसऱ्या कथेत सापडतात. व्यक्तिरेखेचा विकास म्हणतात तो हाच.

शक्तिमानमधला खरा विकास

इथे कोणी म्हणेल, अहो, पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढे कशाला? त्याला उडणारा माणूस हवा, तो कोठून आला ते थोडक्यात सांगा आणि लढाई दाखवा. या म्हणण्यात तथ्य आहे. लहान मुलाला सुरुवात लागते. अद्भुत लागते. शक्ती कोठून आली हे सांगणे हा गुन्हा नाही. आणि प्रत्येक कार्टूनमधून समाजशास्त्र शिकवावे असा आमचा आग्रहही नाही. पण मूल लहान आहे म्हणून त्याला कळत नाही, हे मात्र खोटे. शक्तिमान येऊन वाचवील या समजुतीने काही मुलांनी जिवावरचे खेळ केल्याच्या बातम्या त्या काळात आल्या होत्या, आणि असे करू नका हे खुद्द खन्ना यांना पडद्यावरून सांगावे लागले होते. मूल गोष्टीवर इतका विश्वास ठेवते. मग त्या गोष्टीत काय आहे, हे पाहायला नको?

गंमत म्हणजे, या प्रश्नाचे उत्तर ‘शक्तिमान’मध्येच होते. भाग संपल्यावर शेवटी दोन मिनिटांचा तुकडा असे, ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’. एखादे साधे मूल त्यात येई. ते कचरा रस्त्यावर टाकी, खोटे बोले, कोणाला चिडवी. शक्तिमान समजावून सांगे. मूल ‘सॉरी शक्तिमान’ म्हणे आणि पुढच्या वेळी वेगळे वागे. त्या मुलाला पूर्वजन्म नव्हता. कुंडलिनी नव्हती. त्याचे आडनावही कोणी सांगत नसे. पण ते चुकत होते, ऐकत होते, स्वतःला बदलत होते. आपली फूटपट्टी लावून पाहा. हजारो वर्षांच्या पूर्वकथेला जे जमले नाही, ते या दोन मिनिटांना जमत होते. म्हणूनच त्या पिढीला आज श्रीसत्याची कथा धड सांगता येत नाही, पण ‘सॉरी शक्तिमान’ पाठ आहे.

लक्षात घ्या, उपदेश होता म्हणून तो तुकडा चालला नाही. उपदेश तर शाळेत रोज होतो. तो चालला, कारण त्यात बदलणारे पात्र आपल्यासारखे होते, आणि बदल आत्ता, याच जन्मात होत होता.

तेव्हा मालिका बंद करा, मोबाइल फोडा, असे आम्ही सांगणार नाही. ते होणारही नाही. एवढेच करावे. पूर्वकथेचा भाग संपला की मुलाला जवळ बसवून एक प्रश्न विचारावा, ‘बाळा, याने स्वतः काय ठरवलं?’ उत्तर आले तर ती मालिका पाहू द्यावी, तिच्याबद्दल बोलावे. ‘तो तसाच जन्मला’ असे उत्तर आले, तर मुलाला सांगावे की तसे कोणी जन्मत नसते. शक्तीचे सोडा, साधे धाडससुद्धा जन्माबरोबर येत नाही.

आणि ज्यांना लिहिता येते, चित्रे काढता येतात, आता तर साध्या संगणकावर कार्टून करता येते, अशा आपल्या तरुणांना वेगळे सांगणे आहे. सोलापूरच्या गल्लीत एक सुपरहिरो उभा करा. त्याची आई विड्या वळत असू द्या, बाप यंत्रमागावर असू द्या, वस्तीचे नाव सेटलमेंट असू द्या. शक्ती त्याला कोठूनही येऊ द्या, कोळी चावला तरी आमची हरकत नाही. पण त्याच्या पूर्वकथेच्या भागात एक असा क्षण ठेवा, जिथे त्याला सहज पळून जाता आले असते, कोणी पाहतही नव्हते, आणि तरी तो थांबला. तो का थांबला, एवढे नीट दाखवा. बाकीचे भाग त्याच्यामागून आपोआप लिहिले जातील.